रॅप्टर ७०० चे टायर आणि गिअरिंग: २२ इंचांवरून परत २० वर

मागचे २२ इंची टायर मी दोन महिन्यांत उतरवले. नवेकोरे होते, नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे) जेमतेम घासले होते, गाडीवर दिसायलाही रुबाबदार. तरी उतरवले. इंजिन ६८६ सीसीचं, खालच्या आरपीएमपासून ओढणारं, आणि तरीही त्या दोन महिन्यांत प्रत्येक दगडी चढावर मला क्लच अर्धा दाबून बसावं लागत होतं. माझी यामाहा रॅप्टर ७०० म्हणजे स्पोर्ट क्वाड, मोटरसायकलसारख्या हँडलची चारचाकी ऑफ-रोड गाडी. आता तिला मागे २०x११-९ आणि पुढे २१x७-१० या मापाचे (उंची, रुंदी, रिम, सगळं इंचांत) मॅक्सिस कंपनीचे रेझर टायर आहेत. स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, पुढे १४ दात्यांचं, मागे ४० चं. या सेटवर अख्खा मोसम काढलाय. खडक, चिखल, ओढ्यातले गोटे, थोडी वाळू, सगळं झालं. मी समाधानी आहे. पण आधीच्या दोन चुका सांगितल्याशिवाय या सेटचं कौतुक कुणाच्या उपयोगाचं नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो.

कंपनीतून ही गाडी पुढे २१x७-१०, मागे २०x१०-९ टायर आणि १४/३८ स्प्रॉकेट घेऊन येते. मूळचे मागचे टायर मधोमध गुळगुळीत झाले तेव्हा मी दुकानात गेलो. विकणारा म्हणाला, "साहेब, दोन इंच उंच घ्या, दगड खाली लागणारच नाहीत." मला पटलं, आणि पटण्यासारखंही होतं. स्पोर्ट क्वाडला मागे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसतं. दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग एक्सल असतो आणि त्याच एक्सलवर मागचं स्प्रॉकेट आणि ब्रेकची डिस्क बसलेली असते. सस्पेन्शन कितीही भारी लावा, एक्सल जमिनीपासून टायरच्या निम्म्या उंचीवरच राहणार. तिथली जागा वाढवायचा रस्ता टायरमधूनच जातो. मात्र दोन इंच उंच टायर एक्सलला एकच इंच वर उचलतो, हे मला घरी आल्यावर सुचलं. आणि गाडीला किती दात्यांची स्प्रॉकेट आहेत हे त्या माणसाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. खरी चूक ती.

टायर उंच झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते. म्हणजे न सांगता सगळे गिअर लांब होतात. पहिला गिअर दीडसारखा वाटायला लागतो. सपाट मोकळ्या रस्त्यावर हे छान वाटतं, इंजिन निवांत फिरतं. पण माझं फिरणं तसं नाही. माझी वाट म्हणजे डोक्याएवढे दगड, मध्येच काटकोनी वळण, लगेच चढ. तिथे चालण्याच्या वेगाने जायचं असतं आणि रॅप्टरचा पहिला गिअर मुळातच त्या कामाला थोडा लांब आहे. २२ इंची टायरांवर तर क्लच पूर्ण सोडला की इंजिन धडधडून बंद पडायला यायचं. धाकटा भाऊ मागून त्याच्या गाडीवर यायचा. तो एकदा थांबून म्हणाला, "दादा, तुझी गाडी चढाला रडतेय रे." तेल बदलायला काढलं तर त्याला जळका वास होता. ओल्या क्लचच्या प्लेटा त्याच तेलात असतात, त्यामुळे वास कशाचा हे विचारायची गरज नव्हती.

मग मी जे खरेदीच्या आधी करायला हवं होतं ते केलं. खडू घेतला. टायरच्या तळाशी आणि बरोबर त्याखाली फरशीवर एक रेघ मारली, हवा नेहमीएवढी भरली, गाडीवर बसलो आणि भावाला ढकलायला लावलं. टायरवरची रेघ फिरून पुन्हा खाली आली तिथे फरशीवर दुसरी रेघ मारली. दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजलं: १७१.५ सेंटीमीटर. झिजलेला जुना टायर कोपऱ्यात पडला होता, तो परत चढवून तसाच मोजला: १५३. टायरवर छापलेल्या आकड्यांवरून फरक दहा टक्के यायला हवा होता, प्रत्यक्षात तो बारा टक्के निघाला. २०x११-९ याचा अर्थ उंची २० इंच, रुंदी ११ आणि रिम ९, हे बरोबर आहे. पण ती उंची नव्या टायरची, छापापुरती. वजन बसल्यावर, हवा कमी असताना आणि नॉब घासल्यावर ती वेगळीच असते, आणि दोन कंपन्यांचे एकाच मापाचे टायर शेजारी उभे केले तरी फरक दिसतो. खडूची रेघ तुमची गाडी, तुमचं वजन आणि तुमची हवा धरून खरं माप देते.

आता दात्यांचा हिशेब. मागचे दाते भागिले पुढचे दाते. ३८ भागिले १४ म्हणजे २.७१. हा आकडा मोठा तेवढी ओढ जास्त, वेग कमी. टायर बारा टक्के मोठा झाला तर हा आकडा १.१२ ने भागायचा, उरतो २.४२. म्हणजे जुन्याच टायरांवर मागे ३८ ऐवजी ३४ दात्यांचं स्प्रॉकेट लावल्यासारखं. कुणी मला "३४ चं लाव" असं सांगितलं असतं तर मी हात जोडले असते. टायरच्या रूपात मात्र तेच मी आनंदाने घरी आणलं.

दुसरी चूक घाईची. २२ इंची टायर टाकून द्यायला मन होईना, म्हणून पुढचं स्प्रॉकेट १४ चं काढून १३ चं लावलं. हा सगळ्यात स्वस्त आणि सोपा उपाय, सगळे तोच सांगतात, आणि मूळ टायरांवर तो चांगलाही आहे. पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागे जवळजवळ तीन दाते वाढवणं. १३/३८ म्हणजे २.९२. पण माझ्या मोठ्या टायरांनी त्यातला वाटा आधीच खाल्ला होता, १.१२ ने भागल्यावर उरले २.६१. मूळ गाडीपेक्षाही चार टक्के कमी ओढ. फरक जाणवला, नाही असं नाही, पण ज्या चढावर गाडी अडायची तिथे ती अडतच राहिली.

शिवाय दोन गोष्टी नव्याने सुरू झाल्या. मागची बाजू इंचभर उचलल्यामुळे गाडीचं नाक खाली गेलं, स्टिअरिंग उभं झालं आणि वेगात हँडल चंचल झालं. मागची उंची वाढवली की पुढचाही विचार करावा लागतो तो यासाठी. टू व्हील ड्राइव्ह असल्यामुळे पुढच्या-मागच्या मापांचं गणित फोर बाय फोरसारखं बांधलेलं नाही, पण गाडीचा कल तर बदलतोच. दुसरी गोष्ट चेनची. ५२० च्या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत १५.८७५ मिलीमीटर असतात. त्या हिशेबाने १३ दात्यांचं स्प्रॉकेट १४ च्या मानाने त्रिज्येत अडीच मिलीमीटर लहान पडतं. ऐकायला क्षुल्लक आहे, पण तेवढीच चेन स्विंगआर्मवरच्या (मागचा एक्सल धरणाऱ्या हलत्या दांड्यावरच्या) प्लास्टिकच्या स्लायडरजवळ येते. महिन्याभरात माझ्या स्लायडरमध्ये बोटाला लागेल अशी खोबण पडली होती. लहान स्प्रॉकेटवर चेनला जास्त वाकावं लागतं, तिची झीज वेगळीच. १३ चं लावायला हरकत नाही, पण मग स्लायडर दर धुण्याला बघायचा. १२ च्या वाटेला मी जाणार नाही.

तेव्हा एका संध्याकाळी वही घेऊन बसलो आणि प्रश्नच बदलला. कुठला टायर चांगला हे नंतर. आधी ठरवलं, माझी गाडी नेमकी कुठे अडते? वेगात नाही. अडते ती पहिल्या गिअरच्या तळाशी, आणि नंतर अशा वळणांवर जिथे पहिला गिअर ओरडतो आणि दुसरा ओढत नाही. म्हणजे मला मूळ गाडीपेक्षा थोडी जास्त ओढ हवी होती, आणि सरळ रस्त्यावरचा थोडा वेग गेला तरी चालणार होता. मग उंच टायर बादच झाले. २० इंची टायर, आणि गिअरिंग मूळच्यापेक्षा आखूड. १३/३८ की १४/४०, एवढाच प्रश्न उरला. १४/४० म्हणजे २.८६, १३/३८ पेक्षा किंचित लांब. पण पुढे १४ राहिल्यामुळे चेन स्लायडरपासून लांब राहते आणि कमी वाकते. मी ४० घेतलं, तेही स्टीलचं. ॲल्युमिनियमचं हलकं असतं, पण चिखलात आणि वाळूत ते लवकर झिजतं, आणि माझी गाडी शर्यतीची नाही.

मोठ्या मागच्या स्प्रॉकेटचा तोटाही सांगतो. ३८ वरून ४० केलं की त्रिज्या पाच मिलीमीटरने वाढते, म्हणजे एक्सलखालचा सगळ्यात खालचा भाग तेवढा जमिनीकडे येतो. खडकात हे खरोखर लागू शकतं. त्यामुळे मागची स्किड प्लेट (खालून बसणारा दगडांचा मार झेलणारी प्लेट) नसेल तर ती आधी बसवा. माझ्या प्लेटवर मोसमाअखेर तीन खोल ओरखडे होते आणि स्प्रॉकेटचे दाते साबूत होते.

बसवताना एक गोष्ट आधी करायची: पुढच्या स्प्रॉकेटचा नट चेन काढण्यापूर्वी ढिला करायचा. लॉक वॉशरची दुमडलेली कड छिन्नीने सरळ केली, भावाने मागचा ब्रेक दाबून धरला आणि मी लांब पाना लावला. चेन काढल्यावर स्प्रॉकेट मोकळं फिरतं आणि नट हलत नाही. नवीन लॉक वॉशर घ्या, जुन्याची कड दुसऱ्यांदा दुमडली की तिथेच तडा जातो. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलली. जुन्या ताणलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट म्हणजे नव्या दात्यांची नासाडी.

चेनची लांबीही दात्यांबरोबर बदलते. एकूण दात्यांत एक वाढला की एक्सल साधारण चार मिलीमीटर पुढे येतो. माझे दोन वाढले, म्हणजे आठ मिलीमीटर. मूळ लांबीचीच चेन ठेवली असती तर मागचं चाक तेवढं पुढे आलं असतं. मी दोन लिंका जास्त ठेवल्या, त्यामुळे एक्सल पुढे येण्याऐवजी आठ मिलीमीटर मागे गेला. चढावर पुढची चाकं उचलायची सवय असलेल्या गाडीला हे मानवतं. चेन लांबच विकत घ्या, गाडीवर घालून बघा आणि मगच कापा. ताण तपासताना स्विंगआर्म अशा जागी दाबून बघा, जिथे पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (ज्याभोवती तो हलतो तो खिळा) आणि एक्सल एका रेषेत येतात. चेन सगळ्यात जास्त ताणली जाते ती तिथे. स्टँडवर ठीक वाटणारी चेन त्या जागी तारेसारखी ताठ असेल तर बेअरिंगचा जीव जातो.

आता टायर. बाजारात नावं पुष्कळ आहेत, पण नावापेक्षा पोट बघा. आयटीपी कंपनीचा होलशॉट घ्यायचा म्हटलं तरी त्या एका नावाखाली मोटोक्रॉसचे वेगळे आणि जंगलवाटांचे वेगळे टायर येतात. प्लाय रेटिंग नक्की वाचा. हा आकडा ताकदीचा आहे, आत खरोखर तेवढे थर असतीलच असं नाही. दोन प्लायचा टायर हलका आणि मऊ, गुळगुळीत मातीच्या ट्रॅकवर मजा आणतो, पण धारदार दगडावर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटायला वेळ लागत नाही. दगडांत फिरणाऱ्याने सहाच्या खाली जाऊ नये असं माझं मत आहे. कडक टायरवर बारीक खडी हाताला जाणवते, ते सोसावं. साइडवॉल फाटलेला टायर घेऊन परत यायची वेळ माझ्यावर एकदा आली आहे, ते वेगळ्या कंपनीचे मऊ टायर होते आणि चूक वापरणाऱ्याची होती.

रेझरबद्दल. मूळच्या १० इंच रुंद टायरच्या जागी ११ आल्यामुळे गाडी मागून जमिनीवर बसल्यासारखी वाटते. सैल खडीवर क्लच सोडला की आधी चाक जागेवर फिरायचं, आता नॉब पकडतात आणि गाडी निघते. सगळ्यात जास्त आवडलं ते वळणावरचं वागणं. सलग एक्सलची गाडी वळवायची म्हणजे मागचं चाक थोडं घसरवावंच लागतं, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात ना. खूप चौकोनी खांद्याचा टायर पकडून ठेवतो, ठेवतो आणि एकदम सोडतो, तेव्हा पोटात गोळा येतो. हे टायर हळूहळू सुटतात आणि घसरण सुरू झाली हे बसल्या जागी कळतं. ओढ्यातल्या ओल्या गोट्यांवर ते ठीक, त्याहून जास्त अपेक्षा कुठल्याच टायरकडून ठेवू नये. दाट चिकट चिखलात नॉबमधल्या फटी भरतात, पण दुसऱ्या गिअरमध्ये जरा जोर दिला की झटकल्या जातात. खोल मोकळ्या वाळूत चालतात, पण निव्वळ वाळूतच फिरणाऱ्याने पॅडल टायर (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचे) घ्यावेत. ते कडक जमिनीवर निरुपयोगी असतात, म्हणून दुसऱ्या रिमवर चढवून ठेवायचे.

रुंद टायर जड असतो, आणि ते वजन फिरतं वजन असतं. इंजिनला ते उचलावं लागतं आणि ब्रेकला थांबवावं लागतं. ४० चं स्प्रॉकेट नसतं तर हे मला खुपलं असतं. म्हणूनच टायर आणि गिअरिंग एकाच यादीत लिहून एकाच दिवशी ठरवा असं मी सगळ्यांना सांगतो.

नवीन टायर खडूने मोजले: १५६.५ सेंटीमीटर. उजवा आणि डावा दोन्ही मोजा. सलग एक्सलवर एक चाक मोठं आणि एक लहान असेल तर गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते. माझ्या दोन्हींत चार मिलीमीटरचा फरक होता, तो चालण्यासारखा. त्या मापावर १४/४० चा हिशेब २.७९ येतो, २२ इंची टायर आणि १४/३८ च्या जोडीपेक्षा पंधरा टक्के जास्त ओढ. कागदावरची ती पंधरा टक्के पहिल्याच चढावर दिसली. क्लच पूर्ण सोडून, पहिल्या गिअरमध्ये, दगड निवडत वर गेलो. हाताची बोटं मोकळी होती. भाऊ वर आला आणि गाडीकडे बघून म्हणाला, "आता बोलतेय ती." वेगाची किंमत मोजावी लागली. मूळ १४/३८ ला याच टायरांवर ताशी १०० किलोमीटरला इंजिन जेवढं फिरलं असतं, तेवढंच ते आता ९५ ला फिरतं. मला नव्वदच्या पुढे जावं फारसं लागतच नाही.

हवेबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी बोलतो. या टायरांत हवा चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते. कारच्या गेजवर एवढा आकडा वाचताच येत नाही, काटा पहिल्या घराच्या आतच राहतो. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. चारमध्ये एकाची चूक म्हणजे पाव हवा इकडची तिकडे, आणि तेवढ्याने टायर वेगळाच वागतो. मी दगडांत पुढे ५ आणि मागे ४.५ ठेवतो, टायर थंड असताना मोजून.

टायर चढवायला ९ इंची रिम फार चिवट. साबणाचं पाणी भरपूर लावा, टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण आधी बघा, आणि बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) बसवताना साइडवॉलवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. बीड बसताना दोनदा फाटकन आवाज येतो, तेव्हा बोटं रिमच्या कडेपासून लांब असू द्या. तेवढ्या दाबावर तो बसलाच नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावा. पहिल्या तासाभराच्या फेरीनंतर चाकाचे नट टॉर्क रेंचने परत तपासा आणि चेनचा ताणही बघा. माझे दोन नट पाव फेरा घट्ट झाले.

मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर चालवणाऱ्यांचा हिशेब उलटा असतो. ते मागे १८x१०-८ आणि पुढे २०x६-१० वापरतात, गाडी जमिनीजवळ येते, पण ८ इंची रिम वेगळी घ्यावी लागते आणि दाते उलट्या दिशेने बदलावे लागतात. मोकळ्या मैदानात, लांब सरळ पट्ट्यांवर फिरणाऱ्याला मात्र २२ इंची टायर मी नको म्हणणार नाही. माझे ते दोन टायर अशाच एका ओळखीच्या माणसाने नेले. त्याला मी आधी वही दाखवली: या टायरांवर १३/४० लावलं तर हिशेब २.७५ येतो, म्हणजे मूळ गाडीची ओढ जवळजवळ परत मिळते आणि एक्सल इंचभर वर राहतो. त्याने टायर गाडीत टाकण्याआधी स्प्रॉकेट मागवली.